खोकल्याचा पंचनामा

रंगनाथ हेंद्रे वारले, पण त्यांचा खोकला मागच्या खोलीत राहून गेला.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे आपापल्या गावी पांगले, आणि त्याच संध्याकाळी दिवेलागणीला तो आला. आधी एक कोरडा, मग दोन ओले, मग घसा साफ करून थोडं कण्हणं. मथुरा स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. थापता थापताच ती म्हणाली, "आले हं," आणि मग तिच्या लक्षात आलं की माणूस तर गेलाय. पण घाबरायचं काय त्यात? नवरा तिचा, खोकला त्याचा. ती मागच्या खोलीत गेली, खाटेजवळ थोडा वेळ उभी राहिली, आणि तव्यावरची भाकरी करपायच्या आत परत आली.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला खोकला येई. मथुरेचा दिवस त्याच्यावरच चाले म्हणा ना. सकाळ जायची कशीबशी, पण संध्याकाळ जवळ यायला लागली की बाईच्या अंगात तरतरी येई. केसांवरून हात फिरवायची, खाटेवरची चादर झटकायची. एकटी बाई म्हणून आळीतली माणसं हळहळत, आणि ही मनात हसे. एकटी कसली एकटी!

सांगितलं तिने कुणालाच नाही. सोलापूरच्या लेकीला सांगितलं असतं तर तिने एक तर डॉक्टर आणला असता, नाही तर वास्तुशांत करायला लावली असती. सांगितलं ते फक्त लीलाला.

ही लीला बोत्रे शेजारीण. दोन घरांत एकच भिंत. दोघी एकाच वर्षी या शिंपी आळीत लग्न होऊन आल्या. बाळंतपणं एकमेकींची केली, सासवांच्या चुगल्या एकमेकींपाशी केल्या, आणि या घरातून त्या घरात गेलेली वाटी कधी रिकामी परत आली नाही. लीलाचा नवरा लवकर गेला, तेव्हा मथुराच तिच्याकडे निजायला जायची. अशा बाईपासून काय लपवायचं? लीलाने सगळं ऐकून घेतलं, हसली नाही, वेड्यात काढलं नाही. म्हणाली, "नशीबवान आहेस मथे."

आता घरपट्टीचं. घरपट्टी भरणं हे रंगनाथरावांचं काम होतं. मार्च आला की इस्त्रीची टोपी घालून ते स्वतः पालिकेत जात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. ते गेल्यावरही बिलं त्यांच्याच नावाने यायची. मथुरा ती उचलायची आणि न वाचता त्यांच्या खाटेखाली सारायची. हलगर्जीपणा नव्हता हो तो. माणसाचं काहीतरी काम बाकी ठेवावं, म्हणजे तो थांबतो, असं तिने मनाशी धरलं होतं. पट्टी आपण भरून टाकली तर ते कशाला राहतील? हेही तिने लीलालाच सांगितलं होतं. आणि लीला काय म्हणाली होती? "राहू दे गं. पालिका काय घर उचलून नेतेय?"

तर पालिका आली. भर दुपारी, हलगी वाजवत.

पुढे करवसुलीचे साहेब, जमदाडे नावाचे, काखेत रेक्झिनची बॅग. मागे दोन उचलणारे गडी आणि हातगाडी. आणि एक हलगीवाला. थकबाकीदाराच्या दारात हलगी वाजवायची, म्हणजे चारचौघांत लाज जाऊन माणूस पैसे काढतो, अशी ही पालिकेची युक्ती. आळीतल्या खिडक्या उघडल्या. मथुरेला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती दारात आली, हात जोडले आणि म्हणाली, "आत या, पण ते वाजवणं थांबवा." आणि मग, चार परके पुरुष घरात, आपण एकट्या, म्हणून तिने भिंतीवर थाप मारून हाक दिली, "लीले, ये गं जरा. पालिकेची माणसं आलीत."

लीला लगेच आली. जणू चपला घालूनच बसली होती.

मथुरेने चहा टाकला. घरी आलेल्याला चहा द्यायचा, मग तो जप्तीवाला का असेना, ही आपली रीत. जमदाडे साहेबांनी बशीत ओतून चहा घेतला आणि चांगल्या आवाजात सांगितलं, "बाई, भिऊ नका. भांडी आम्हाला नेता येत नाहीत. अंथरूण नेता येत नाही. अंगावरचे कपडे नाहीत. शिलाई मशीन हे पोटापाण्याचं साधन, तेही कायद्याने नेता येत नाही."

मथुरेचा जीव भांड्यात पडला. घरात याखेरीज मोलाचं होतं काय? "मग नेणार काय तुम्ही?" तिने हसून विचारलं.

"तेच बघायचं," जमदाडे म्हणाले. "त्याला घर आतून माहीत असलेला पंच लागतो. एक आमचा हलगीवाला आहेच. दुसरा आळीतला हवा. या बाई कोण?"

"ही लीला. घरचीच आहे."

"पंच म्हणून घेऊ?"

"घ्या की," मथुरा म्हणाली. आणि तिला बरंच वाटलं. आपलं माणूस पंच असलेलं कधीही चांगलं, नाही का? भोळी हो, दुसरं काय.

लीला पदर सावरून खुर्चीवर बसली. जमदाड्यांनी कागद काढला. "सांगा बाई. या घरात काय काय आहे?"

लीलाने घरावरून नजर फिरवली आणि म्हणाली, "दुपार आहे."

"कुठे?"

"मधल्या खोलीत. झरोक्याखाली. चांगली ऐसपैस आहे. या आळीत एवढी दुपार कुणाकडे नाही."

मथुरा हसली. लीलाला पहिल्यापासून चेष्टेची सवय. पण गडी उठले, मधल्या खोलीत गेले, आणि जमिनीवर पसरलेली दुपार त्यांनी दोन टोकांना धरून उचलली. चादर झटकतात तशी झटकली. तिच्यातून दोन-तीन डुलक्या खाली पडल्या, त्याही त्यांनी वेचून घेतल्या. मग घडी घालून ती हातगाडीवर ठेवली. मधली खोली काळवंडली, आणि दुपारची जेवढी लांबी होती तेवढी आखूड झाली. समोरची भिंत चालत आल्यासारखी पुढे आली आणि कपाटाला टेकून थांबली.

"जिन्नस निघाला की जागा मिटते," जमदाडे म्हणाले. "पुढे?"

"उंबऱ्यात वाट बघणं आहे," लीला म्हणाली.

"कुणाची?"

"लेकीची. ही बसते ना तिथे, ती यायची असली की. नसली तरी बसते."

हे मात्र दोघा गड्यांना जड गेलं. एकाने खाली पहार घातली, दुसऱ्याने खांदा दिला, तरी पहिल्यांदा हललंच नाही. "बरंच जुनं आहे साहेब," एक जण धापा टाकत म्हणाला. शेवटी निघालं ते मुळांसकट, आणि त्याबरोबर दाराची चौकट इतकी चिंचोळी झाली की त्यांना आडवं होऊन बाहेर पडावं लागलं. मथुरेने उंबऱ्याकडे पाहिलं. तिथे काहीतरी होतं एवढं तिला कळत होतं. आपली एक लेक आहे, सोलापूरला आहे, हेही तिला माहीत होतं. पण ती यावी असं काही तिला वाटेना.

"लीले," ती म्हणाली, "अगं, पुरे आता."

"विचारतील ते सांगावं लागतं गं," लीला म्हणाली. "पंच आहे मी."

"पण तू माझी आहेस ना?"

लीलाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्हणून तर मला माहिती आहे," ती म्हणाली.

तेव्हा कुठे मथुरेच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लेक गेली, दुपार गेली, जाऊ दे. मागची खोली! ती उठली आणि मागच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. आणि त्यात भर म्हणजे घरात दिवेलागण होत आली. होणारच. दुपार काढून नेल्यावर सकाळला लागून संध्याकाळच येणार, दुसरं काय येणार? कोनाड्यात अंधार जमायला लागला. आता कुठल्याही क्षणी खोकला येईल.

"साहेब, तिन्हीसांजा झाल्या," ती म्हणाली. "आता उद्या या."

जमदाड्यांनी घड्याळ पाहिलं. "आमच्याकडे दुपारच आहे. ती गाडीवर आहे ना." मग त्यांनी मान वाकडी करून तिच्या पाठीमागे पाहिलं. "त्या खोलीत काय आहे?"

"अडगळ."

"पंच काय म्हणतात?"

मथुरेने तिच्याकडे असं पाहिलं, असं पाहिलं की दगडालाही घाम फुटला असता. बाळंतपणात तुझा हात धरून बसले होते मी, हे पाहण्यात होतं. तुझ्या नवऱ्याच्या तेराव्याला तुझ्या घरची सगळी भांडी मी घासली होती, हेही होतं. लीलाने खाली पाहिलं. ती गप्पच राहिली, आणि मथुरेला वाटलं, आहे. आहे अजून माझी.

पण खोकला काही तिच्या हातात नव्हता. आत खाट करकरली. मथुरेला ठाऊक होतं, खाट करकरली की पाठोपाठ येतोच. तिला काही सुचेना. आणि मग तिने जे केलं ते त्या आळीत आजवर कुठल्याच थकबाकीदाराने केलं नसेल. ती हलगीवाल्याकडे वळली आणि ओरडली, "अरे, बसलायस काय? वाजव! तुला पगार कशाचा देतात? जोरात वाजव!"

हलगीवाला गडबडला. त्याला आयुष्यात कुणी असं म्हटलं नव्हतं. त्याने हलगी उचलली आणि वाजवायला लागला. मथुरा मशीनवर जाऊन बसली आणि कापड नसताना पायडल मारायला लागली. घडघड घडघड घडघड. आळीतल्या खिडक्या पुन्हा उघडल्या. उघडू देत. लाज? लाज गेली चुलीत. तिला मशीनच्या आवाजाखाली, हलगीच्या आवाजाखाली, मागच्या खोलीतला पहिला कोरडा खोकला ऐकू आला. फक्त तिलाच. जमदाडे कानावर हात ठेवून बसले होते. झालं, आता दोन ओले, की सुटलो, असं तिने मनाशी म्हटलं.

"हलगी थांबवा," लीला म्हणाली.

हलगी थांबली. मथुरेचं पायडल आपोआप थांबलं. आणि त्या शांततेत मागच्या खोलीतून रंगनाथराव खोकले. दोनदा, ओले.

"कोण आहे आत?" जमदाडे उठले.

"माणूस नाही," लीला म्हणाली. "खोकला आहे. रंगनाथरावांचा."

जमदाड्यांनी टोपी काढली आणि परत घातली. "म्हणजे ज्यांच्या नावावर बिल आहे त्यांचाच. मग आधी का नाही सांगितलं? हे तर सगळ्यात आधी यायला हवं होतं." त्यांनी पेन झटकलं. "ओळखीची खूण सांगा. उद्या कुणी म्हणायला नको, दुसऱ्याचाच खोकला आणला म्हणून."

"एक कोरडा, दोन ओले," लीला म्हणाली. "मग घसा साफ करतात."

"असे पुष्कळ खोकतात. नेमकं काहीतरी सांगा."

लीला खाली बघूनच म्हणाली, "झाल्यावर उशी पलटतात. गार बाजू गालाला लावतात, आणि डावा हात उशीखाली घालतात."

मथुरेने तिच्याकडे पाहिलं.

हे तिने लीलाला कधी सांगितलं नव्हतं. खोकला सांगितला होता, खाटेचं करकरणं सांगितलं होतं. उशीचं नाही. उशीचं तिच्याही ध्यानात नव्हतं. ते असताना मध्यरात्रीचा खोकला ओसरला की त्या उशीवर काय होतं ते शेजारी निजलेल्यालाच दिसायचं, आणि ती तर आयुष्यभर दिवसाच्या कामाने इतकी थकायची की उशीला डोकं लागताच मेल्यासारखी झोपायची. आत, मागच्या खोलीत, अंधारात, कापसावर कापूस घासल्याचा बारीक आवाज आला. कुणीतरी उशी पलटली.

"तुला कसं माहीत?" मथुरेने विचारलं.

लीला म्हणाली, "जुळतंय का ते बघून घ्या साहेब."

"लीले, तुला कसं माहीत?"

"जुळतंय," जमदाडे म्हणाले आणि लिहून घेतलं.

केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते मथुरेने आजवर नुसतं ऐकलं होतं. आता तिला कळलं की त्याने रक्त येत नाही. आवाज मात्र जातो. तिला ओरडायचं होतं, लीलाच्या झिंज्या धरायच्या होत्या, आणि तिच्या तोंडून चकार शब्द निघेना.

गडी मागच्या खोलीत गेले. त्यांनी खाटेखाली पाहिलं, खुंटीवरचा कोट झटकला. "मिळत नाही साहेब." मग एकाने उशीला कान लावला. "यात अडकलाय."

मथुरेला कंठ फुटला. "अंथरूण नेता येत नाही!" ती ओरडली आणि उशीवर जाऊन पडली. "तुम्हीच म्हणालात! कायद्याने नेता येत नाही!"

जमदाडे दारात उभे राहून विचार करत राहिले. माणूस नियमाचा पक्का होता, त्याला नावं ठेवता येणार नाहीत. मथुरेला आशा वाटली. तिने उशी दोन्ही हातांनी छातीशी धरली. उशी उबदार होती.

"बरोबर आहे त्यांचं," जमदाडे म्हणाले. "उशी राहू द्या. खोकला तेवढा झटकून घ्या."

त्यांनी उशी तिच्या हातांतून सोडवली. ओढून नाही, अगदी हळू, निजलेल्या पोराच्या मुठीतून खुळखुळा सोडवावा तशी. जमिनीवर फडकं अंथरलं आणि वर धरून उशी झटकली. पहिल्यांदा कापूस उडाला. दुसऱ्यांदा काहीच नाही. तिसऱ्यांदा खोकला फडक्यावर पडला. मथुरेने पाहिला तो. कसा होता ते तिला नंतर सांगता आलं नसतं. इतकी वर्षं ऐकलेला, आणि इतका लहान.

"भरते मी पट्टी," ती म्हणाली. "आत्ता भरते. मशीन विकते, भांडी विकते, सगळं भरते."

"आता कशाची?" जमदाडे म्हणाले. "थकबाकी मिटली, बाई. आता तुम्ही कुणाचं काही लागत नाही."

ही गोष्ट त्यांनी इतक्या चांगुलपणाने सांगितली की मथुरेला रडू आलं.

मागची खोली मिटायला लागली होती. खाट भिंतीत गेली, कोट भिंतीत गेला. सगळे घाईने बाहेर आले. जमदाड्यांनी फडक्याची गाठोडी तळहातावर तोलून पाहिली. "पालिकेच्या गोदामात हे टिकायचं नाही. तिथे ओल आहे. असा जिन्नस आळीतच भरवशाच्या माणसाच्या ताब्यात द्यावा लागतो." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "पंच घेतील का?"

"लीले, नाही म्हण," मथुरा म्हणाली. "बाकी काय केलंस ते केलंस. पण एवढ्याला नाही म्हण."

लीला उठली. तिने पदर पुढे केला, ओटी भरून घ्यायला करतात तसा, दोन्ही हातांनी. जमदाड्यांनी गाठोडी तिच्या ओटीत घातली. तिने ती पोटाशी धरली आणि पहिल्यांदाच मथुरेकडे सरळ पाहिलं.

"कुणीतरी घ्यायलाच हवा गं," ती म्हणाली. "बाहेरच्याकडे गेला असता."

आणि ती चिंचोळ्या दारातून आडवी होऊन निघून गेली, पोटाला धक्का लागणार नाही अशा बेताने.

हातगाडी गेली. हलगी लांब लांब वाजत गेली आणि दुसऱ्या कुणाच्या तरी दारात थांबली. मथुरेचं घर आता बोळाएवढं उरलं होतं. एका बाजूला भांडी, मशीन, वळकटी, आणि रिकामी उशी. दुसऱ्या बाजूला लीलाची भिंत. मध्ये ती उभी. बसायला जागा नव्हती, म्हणून ती उभीच राहिली. भिंत इतकी जवळ होती की कान मुद्दाम लावायची गरज नव्हती.

आधी पलीकडे कडी लागली. मग पाट सरकवल्याचा आवाज. मग खोकला. एक कोरडा, दोन ओले. मथुरेने डोळे मिटले. ते आहेत. भिंतीपलीकडे का होईना, आहेत. एवढं ऐकायला मिळालं तरी पुष्कळ, असं तिने स्वतःला समजावलं. बाईची जात चिवट, कशावरही भागवते.

मग रंगनाथराव बोलले.

गेल्यापासून ते तिच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. खाटेजवळ उभं राहून ती रोज काहीबाही विचारायची, आज भाजी तिखट झाली होती का, लेकीला फोन करू का, आणि खोकल्यापुढे कधी काही आलं नाही. तिला वाटायचं, खोकल्याला बोलता येत नसावं. आता त्यांचा आवाज आला, तोच, जुना, जरा खरखरीत, अगदी दमल्याभागल्या माणसाचा.

"आलो एकदाचा," ते म्हणाले.

"हळू बोला," लीला म्हणाली. "पलीकडे ऐकू जातं."

मथुरेच्या घशात काहीतरी खवखवलं. कोरडं होतं. ते वर यायला लागलं, आणि तिने पदराचा बोळा करून तोंडात कोंबला, आणि दोन्ही भिंती तिच्या खांद्यांना लागल्या.